साहेबी कोट आणि कामगाराचे पोर



व्याख्यानमालेचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी चिटणीसांना विचारले म्हणे, की कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस विलायतेतल्या पोरांच्या कोट-पाटलोणीवर काय बोलणार? त्याने बोनसवर बोलावे, किमान वेतनावर बोलावे. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. कारखान्यात कापड कसे निघते ते समजले. तेच कापड अंगावर चढले म्हणजे माणसाला समाजात कोठे उभे करते, हे वाचनालयात समजले. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपल्याकडे म्हणतात. ते दहा नूर कोणाच्या वाट्याला यावेत हा झगडा भाकरीच्या झगड्याइतकाच जुना आहे, आणि झगडा म्हटला की तो आमच्या खात्यात येतो.

कामगाराचा मुलगा चांगला कोट चढवून रस्त्यावर आला, की त्याला दोन बाजूंनी बोल लागतात. वरचे लोक म्हणतात, पोरगे पायरी विसरले. आमच्यातलेच काही विचारवंत म्हणतात, पोरगे आपला वर्ग विसरले, साहेबाची नक्कल करू लागले. या दोन्ही बोलांची पारख करण्यास इंग्लंडमधले एक उदाहरण फार उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कॉलेजकुमारांचा पोशाख समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. तेथे तो मोठ्या घरच्या मुलांनी उचलला नाही. कारकून, शिंपी, मालमोटारवाले यांच्या मुलांनी उचलला, आणि त्याच्याबरोबर एक संगीतही रुजले. हे कसे घडले व त्यातून काय निष्पन्न झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम तो पोशाख कोणता ते पाहू. अमेरिकेच्या ईशान्य भागात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया अशी आठ जुनी विद्यापीठे आहेत. भिंतींवर चढणाऱ्या आयव्ही नावाच्या वेलीवरून त्यांना ‘आयव्ही लीग’ म्हणतात. १९५४ साली त्यांच्या क्रीडासंघाने हे नाव अधिकृतपणे धारण केले. दीर्घकाळ तेथे सुखवस्तू घरांतील गोऱ्या मुलांचाच भरणा असे. त्यांचे कपडे पुरवणारी दुकानेही ठरलेली होती : न्यूयॉर्कची १८१८ सालची ब्रूक्स ब्रदर्स ही पेढी, येलजवळ १९०२ साली निघालेले जे. प्रेस. कोट खांद्यात भराव नसलेला, कमरेत न आवळलेला, सरळ सैल पडणारा. सदऱ्याच्या कॉलरची टोके दोन लहान बटणांनी खाली अडकवलेली. पाटलोण बिनचुण्यांची, बूट बिननाडीचे. एकूण रुबाब असा, की रुबाबासाठी आम्ही काही केलेलेच नाही! ज्याच्या घरात पैसा मुरलेला असतो त्यालाच हा थाट सहज साधतो.

पण हा पोशाख उसवून पाहिला तर त्यातले अर्धे धागे आपल्या बाजूला निघतात. ती बटणाची कॉलर ब्रूक्स घराण्यातील एकाने इंग्लंडात पोलो खेळणाऱ्यांच्या अंगावर पाहिली, असे ती पेढीच सांगते; आणि पोलो इंग्रज शिकले मणिपुरी खेळाडूंपासून. सिल्चरला त्यांचा पोलो क्लब निघाला तो १८५९ साली. कॉलेजकुमारांची खाकी पाटलोण ही मूळची पेशावरकडील गाइड्स पलटणीची, १८४० च्या दशकातली. उन्हाळी कोटाचे ‘सीरसकर’ नावाचे सुरकुतलेले कापड म्हणजे फारसीतले ‘शीर-ओ-शकर’, दूध-साखर. आणि उन्हाळ्यातील रंगीत चौकडी तर उघडच मद्रासच्या हातमागाची.

या मद्रासी कापडाची एक हकीकत आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गेले. त्याचे रंग कच्चे होते. धुतले की एकमेकांत मिसळत. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. तेव्हा व्यापाऱ्यांनी दोषाचाच गुण केला आणि रंग सुटण्याची हमी देणाऱ्या जाहिराती केल्या. जो रंग सुटतो तोच खरा मद्रास, अशी फॅशन झाली. या हमीमुळे मागावर बसलेल्या विणकराच्या मजुरीत काय भर पडली, ते जाहिरातीत छापण्याची पद्धत नाही.

अमेरिकेत या पोशाखाची मिरासदारी मोडली ती १९४४ च्या एका कायद्याने. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय या कायद्याने केली, आणि पुढील बारा वर्षांत सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत गेले. शेतकऱ्यांची, खाणकामगारांची मुले लष्करी खाकी पाटलोणीवर कॉलेजचा कोट चढवून वर्गात बसली. काळ्या सैनिकांना मात्र, विशेषतः दक्षिणेत, या कायद्याचा लाभ फार थोडा मिळू दिला गेला.

परंतु त्या पोशाखाला खरे तेज चढवले ते काळ्या वादकांनीच. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस १९५० च्या दशकाच्या मध्यास हार्वर्डच्या शेजारच्या अँडोव्हर शॉप या दुकानातून कपडे करून घेऊ लागला. १९५८ च्या त्याच्या ‘माइलस्टोन्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तो हिरव्या, बटणी कॉलरच्या सदऱ्यात बसला आहे. दरबारी विदूषकासारखे हसून दाखवण्याची अपेक्षा काळ्या कलावंताकडून होत असे. हा माणूस प्राध्यापकाच्या वेषात, न हसता, सरळ पाहतो. पोशाखाने संरक्षण मिळते असे मात्र कोणी समजू नये. १९५९ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्या ज्या क्लबाच्या दारावर त्याचे नाव झळकत होते, त्याच दारासमोर पोलिसांनी त्याचे डोके फोडले. रक्ताने डागळलेल्या कोटातले त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत आले. चांगला कोट घातल्याने काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा झाला नाही. पण बरोबरीचा दावा त्याने लेखी अर्जाविना मांडला होता, आणि तो दावा समुद्रापलीकडच्या पोरांनी वाचला.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे १९४१ च्या जूनपासून १९४९ च्या मार्चपर्यंत कपड्यांचे रेशनिंग होते. मुले आखडलेल्या, दुरुस्त केलेल्या कपड्यांत वाढली. अमेरिकन संगीतालाही दार बंद होते, आणि ते बंद करण्यात आमच्याच जातीच्या संस्थेचा, म्हणजे वादकांच्या संघटनेचा, हात होता. बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतील वादकांची भाकरी गेली होती. त्यात अमेरिकन वाद्यवृंद इंग्लंडात येऊन काम घेत. पण अमेरिकन संघटना इंग्रज वादकांना आपल्या देशात वाजवू देईना. तेव्हा १९३५ साली ब्रिटिश मजूर खात्याने अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने देण्याचे थांबवले. १९५६ साली अदलाबदलीचा करार होईपर्यंत ही बंदी टिकली. सभासदाच्या पोटावर पाय आला तर संघटनेने दारात उभे राहावे, यात आम्हांला गैर दिसत नाही. पण दारावर पहारा बसवता येतो, कानावर बसवता येत नाही.

संगीत आले ते कामगारांच्याच वाटेने, जहाजावरून. न्यूयॉर्कला जाणाऱ्या बोटींवर प्रवाशांच्या करमणुकीसाठी वाद्यवृंद लागत. रॉनी स्कॉट, जॉनी डँकवर्थ अशा तरुण वादकांनी ती नोकरी धरली. बोट बंदरात थांबली की हे बावन्नाव्या रस्त्यावरच्या क्लबांत जाऊन चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांचे नवे वादन ऐकत आणि परतताना ध्वनिमुद्रिकांबरोबर कपड्यांची नवी तऱ्हाही आणत. १९४८ च्या डिसेंबरात लंडनच्या सोहो भागात त्यांनी ‘क्लब इलेव्हन’ काढला. नावातले अकरा म्हणजे दहा वादक आणि एक व्यवस्थापक. एका अर्थी ही वादकांची सहकारी संस्थाच होती! १९५९ साली रॉनी स्कॉटने स्वतःचा क्लब काढला, तो आजही सोहोत आहे. या नव्या, ‘मॉडर्न’ जाझच्या चाहत्यांना ‘मॉडर्निस्ट’ म्हणू लागले. पुढे त्याचेच ‘मॉड’ झाले.

त्या पोरांनी हाच पोशाख का निवडला? हा प्रश्न आम्ही फार दिवस मनात घोळवला आहे. इंग्लंडात माणसाने तोंड उघडले की त्याचा वर्ग कळे. न उघडले तर कपड्यांवरून कळे. कोणत्या शाळेची टाय, कोणत्या पलटणीची टाय, डोक्यावर हॅट की कामगारी टोपी, सगळे ठरलेले. १९५० च्या दशकारंभी दक्षिण लंडनच्या कामगार पोरांनी सॅव्हिल रो येथील श्रीमंत शिंप्यांची एडवर्डकालीन लांब कोटाची तऱ्हा उचलली. त्यांना ‘टेडी बॉय’ हे नाव पडले, आणि श्रीमंतांनी तो कोट टाकून दिला. घरच्याच साहेबाचा कोट घेतला, तर साहेब तो लगेच बाटलेला ठरवतो. अमेरिकन कॉलेजचा कोट मात्र इंग्लंडच्या जिन्यावर कोणत्याच पायरीचा नव्हता. न्यू हेवनमध्ये तो धनिकाच्या मुलाची खूण होता. लंडनच्या बसमध्ये तो कोणाचीच खूण नव्हता. जो घालील त्याचा तो. साहेबाची नक्कल म्हणून त्यांनी तो घेतला नाही. साहेबाने आपल्याला ओळखू नये, आपला बाप काय करतो हे कोटावरून वाचू नये, म्हणून घेतला.

ही मुले कोण होती ते पाहा. सोहोतील फ्लेमिंगो क्लबमध्ये रात्र रात्र वाजवणारा जॉर्जी फेम हा लँकेशायरच्या लीग गावचा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो काही काळ सुती कापडाच्या गिरणीत कामाला होता. त्या क्लबात वेस्ट इंडियन लोक येत, हवाई तळांवरचे काळे अमेरिकन सैनिक येत, आणि त्यांच्याकडच्या ध्वनिमुद्रिकांतून नवे संगीत पसरे. रोलिंग स्टोन्सचा ढोलवादक चार्ली वॉट्स हा रेल्वेच्या मालमोटार चालकाचा मुलगा. जाझवादकांसारखा नेटका पोशाख त्याने जन्मभर सोडला नाही. १९४५ नंतर इंग्लंडात काम मुबलक होते, पोरांच्या हातात पगार होता, आणि १९६० नंतर सक्तीची लष्करभरतीही थांबली. दोन वर्षे गणवेषात जाणार होती, ती पोरांच्या मालकीची झाली. पगारातून हप्ता बांधून सूट शिवायचा, कॉलर किती, काज किती, हे शिंप्याला स्वतः सांगायचे. बाजारात दुसरीकडून इटालियन तऱ्हाही आली होती. तोकडा कोट आणि आपल्याला पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर परिचित झालेल्या व्हेस्पा-लँब्रेटा स्कूटरी तिकडच्याच. पण सदऱ्याची कॉलर आणि कानातले संगीत अमेरिकेचे राहिले.

दुकानेही निघाली. लंडनजवळ रिचमंडला १९६० च्या दशकाच्या मध्यास जॉन सायमन्स आणि जेफ क्विंटनर यांनी ‘आयव्ही शॉप’ काढले. तेथे विकल्या जाणाऱ्या एका आखूड जाकिटाची कथा ऐकण्यासारखी आहे. ते मँचेस्टरच्या बाराकुटा पेढीने १९३० च्या दशकात काढले. ते अमेरिकेत गेले, सिनेनटांनी घातले. ‘पेटन प्लेस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील रॉडनी हॅरिंग्टन या पात्राच्या नावावरून सायमन्सने त्याला ‘हॅरिंग्टन’ म्हटले, आणि मँचेस्टरचे जाकीट लंडनच्या पोरांनी अमेरिकन म्हणून विकत घेतले! ब्रायटनला १९६३ साली बेन शर्मन यांनी बटणी कॉलरचे सदरे शिवण्याचा कारखाना काढला, तोही अमेरिकेत राहून आल्यावर. परदेशी माल म्हणून नाक मुरडण्यापूर्वी तो कोठे विणला, कोठे शिवला हे विचारावे, ते यासाठी.

वरचे लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन येथे व पुढे ब्रायटन, मार्गेट येथे समुद्रकाठी मॉड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ‘रॉकर’ यांच्या मारामाऱ्या झाल्या. वृत्तपत्रांनी जणू स्वारी आल्याचा गदारोळ केला. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ च्या ग्रंथात तो गदारोळ घटनेपेक्षा कितीतरी मोठा होता हे दाखवून दिले. पण म्हणून त्या पोरांना आम्ही संत ठरवणार नाही. रात्रभर नाचण्यासाठी ती गोळ्या खात. आठवड्याचा पगार शनिवारी उडवत. आणि कोट कोण शिवतो हे तर त्यांतल्या थोड्यांनीच पाहिले असेल. लीड्सला बर्टन कंपनीच्या कारखान्यात भरभराटीच्या काळी दहा हजार माणसे सूट शिवत. १९७० च्या फेब्रुवारीत लीड्सच्या शिवणकामगारांनी, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, तासाला एक शिलिंग वाढ मागून संप केला. त्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांनी त्याहून कमी वाढीवर सही केली होती. त्या सहीला न जुमानता बाया रस्त्यावर आल्या. पोशाखाच्या इतिहासात हे पान क्वचितच वाचायला मिळते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता या गोष्टीतला कडू भाग. १९६८-६९ च्या सुमारास मॉडांच्यातूनच केस भादरलेल्या पोरांचा एक पंथ निघाला, ‘स्किनहेड’. अंगात तोच बटणी कॉलरचा सदरा, तेच हॅरिंग्टन जाकीट, पायात कामगारी जाड बूट. ही पोरे जमेकाच्या काळ्या गायकांच्या गाण्यांवर नाचत, आणि त्यांतलीच काही रात्री आशियाई लोकांना गाठून मारत. १९७० च्या एप्रिलात पूर्व लंडनमध्ये, रात्री कामावरून घरी परतणाऱ्या एका पाकिस्तानी कामगाराचा खून झाला. त्या दिवसांत आशियाई माणसाला झोडपण्याच्या खेळाला नावच पडले होते. पोलिसांनी डोके फोडलेल्या काळ्या वादकाची कॉलर, आणि ती घालून दुसऱ्या सावळ्या माणसाचे डोके फोडणारा कामगाराचाच मुलगा! मग पोशाखाने काय शिकवले? पोशाख काही शिकवत नाही. तो मान वर करायला लावतो. मान वर करून पाहायचे कोणाकडे, हे शिकवण्याचे काम माणसांचे आहे, संघटनांचे आहे. ज्या मोहल्ल्यात ते झाले नाही तेथे द्वेषवाल्यांनी आपली शाळा उघडली.

ते काम कसे होऊ शकते याचाही दाखला त्याच देशात आहे. मोटार कारखान्यांचे कोव्हेंट्री शहर बेकारीने ग्रासले होते. तेथे १९७९ साली जेरी डॅमर्स या वादकाने ‘टू टोन’ ही ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था स्थापन केली. ‘द स्पेशल्स’ या त्यांच्या वृंदात काळे आणि गोरे वादक एकत्र होते आणि पोशाख त्याच जुन्या मॉडांचा. १९८१ च्या वसंतात कोव्हेंट्रीत एका आशियाई विद्यार्थ्याचा खून झाला, तेव्हा या वृंदाने जूनमध्ये त्याच शहरात वंशद्वेषाच्या निषेधार्थ जाहीर कार्यक्रम केला. द्वेषवाले ज्या पोरांना ओढत होते त्याच पोरांपुढे, त्यांच्याच कपड्यांत उभे राहून, त्यांच्याच तालात त्यांनी सांगितले. आम्हां सभा भरवणाऱ्यांनी हे शिकण्यासारखे आहे.

हे सारे ऐकताना महाराष्ट्रातील श्रोत्याला एक कोट आठवल्यावाचून राहणार नाही. आयव्ही लीगच्या आठांपैकी कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात मुंबई इलाख्यातला एक विद्यार्थी शिकत होता. पुढे तो लंडनलाही शिकला. ज्यांनी धड वस्त्र घालू नये असा येथल्या समाजाचा दंडक होता, त्यांच्यात जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुटाबुटात सभेला उभे राहिले. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना, जातीची खूण सांगणारी लुगड्याची नेसण व दागिने टाकून द्या, असा उपदेश केला. त्या सुटाला साहेबाची नक्कल म्हणणारे तेव्हाही होते. आज गावोगावच्या पुतळ्यांच्या अंगावर तो आहे, आणि त्याचा अर्थ शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही कळतो. लंडनच्या पोरांची आणि या महापुरुषाची आम्ही तुलना करीत नाही. पण कपड्यावरची खूण पुसणे म्हणजे काय, हे आपल्याला परक्याने शिकवण्याची गरज नाही, एवढेच म्हणतो.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. कामगाराच्या मुलाने चांगला कोट घातला तर हसू नका. तो आपल्या बापाची लाज धरतो असे समजू नका. बहुधा तो बापाला न मिळालेला मान वसूल करीत असतो. पण त्याला अर्ध्यावर सोडूनही देऊ नका. कोटाच्या अस्तराकडे पाहायला शिकवा. हा कोणी विणला, कोणी शिवला, तासाला काय मिळाले, हे त्याने दुकानात कॉलर निरखतो तितक्याच बारकाईने विचारले पाहिजे. २०१३ च्या एप्रिलात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या मुली. इंग्लंडच्या दुकानांत टांगायचे कपडेही त्या शिवत होत्या. २०२० साली ब्रूक्स ब्रदर्सने दिवाळे जाहीर केले आणि अमेरिकेतले आपले तीन कारखाने बंद केले. पेढीचे नाव पुढे विकले गेले आणि दुकानावरची पाटी राहिली. कारागीर घरी गेले.

मिरवण्याचा हक्क आणि मजुरीचा हक्क हे दोन वेगळे हक्क नाहीत. पहिल्याकरिता पोरांना कोणी सांगावे लागत नाही. ती आपली वाट काढतात, बोटीने काढतात, ध्वनिमुद्रिकेने काढतात. दुसऱ्याकरिता मात्र त्यांच्याशेजारी जाऊन बसावे लागते, त्यांचे गाणे कानाला रुचो वा न रुचो. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी ते करावे, आणि ते करताना स्वतःच्या सदऱ्याचीही इस्त्री बिघडू देऊ नये, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.